मापाचे पैसे घ्या, म्हणजे खरं बोलता येईल



मागच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं, "स्पेशल साइजच्या दाराचं माप फुकट घेऊ नका." त्यावरून बरेच फोन आले. बहुतेकांचं म्हणणं एकच: ताई, तुमचं दुकान जुनं आहे, तुम्हाला जमतं. आम्ही आत्ता कुठे सुरुवात करतोय. आम्ही नुसत्या मापाचे तीनशे रुपये मागितले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल.

जाईल ना. काही जण नक्की जातील. तरीही माझं मत बदललेलं नाही. का नाही, ते आठ मिनिटांच्या व्हिडिओत नीट मांडता आलं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

आधी हा धंदा नेमका कुठे आहे ते बघू. नव्या बिल्डिंगमध्ये सगळ्या बेडरूमच्या चौकटी एका मापाच्या असतात आणि बिल्डर शंभर दारं एकदम उचलतो. तिथे आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराला फारसा वाव नाही. आपलं गिऱ्हाईक जुन्या घरातलं. आमच्या नाशिकला सिडकोची घरं बघा. मूळ घर लहान. मुलगा कमावता झाला की मागे एक खोली, लग्न ठरलं की वर एक मजला. प्रत्येक वेळी गवंडी वेगळा, सुतार वेगळा, चौकट वेगळी. एकाच घरात तीन दारं आणि तिन्हीची मापं तीन. तयार फ्लश डोअर मात्र ठरावीक मापातच येतं: ७८ बाय ३० इंच, ८१ बाय ३६, ८४ बाय ३६ वगैरे. मधल्या मापाच्या चौकटीला बनवूनच घ्यावं लागतं. ऑनलाइन विकणाऱ्याला हे काम जड जातं, कारण त्याला चौकटीसमोर उभं राहता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्याकडे विकायला असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच तुम्ही फुकट देताय.

आता गणित मांडू. आकडे समजण्यापुरते धरा, तुमच्या गावात रेट वेगळे असतील. समजा मापाचं बनवलेलं, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावलेलं दार तुम्हाला ४,२०० रुपयांना पडलं आणि तुम्ही ते ५,४०० ला दिलं. सुटले १,२००. तेच दार माप चुकून आलं तर? ते दुसऱ्या कुणालाही विकता येत नाही, कारण त्या मापाची चौकट जगात एकच आहे. दाराचे ४,२०० आणि टेम्पोचे ३००, असे ४,५०० बुडाले. ते भरून काढायला तुम्हाला जवळपास चार दारं बिनचूक विकावी लागतील. किराणा दुकानात एक पुडा खराब निघाला तर एक पुडा जातो. इथे एका चुकीला चार दारांचा नफा जातो. म्हणून या धंद्यात प्लायवूडचा ब्रँड, शोरूमचे लाइट, व्हिजिटिंग कार्ड हे सगळं नंतर. आधी माप.

पण मापाचे पैसे घ्या म्हणते ते फक्त नुकसान टळावं म्हणून नाही. माझं खरं कारण वेगळं आहे.

तुम्ही फुकट माप घ्यायला जाता तेव्हा पेट्रोल तुमचं, दीड तास तुमचा. घराच्या बाहेर पडताना ऑर्डर हातात नसेल तर तो सगळा तोटा. मग काय होतं? चौकटीसमोर उभं राहिल्यावर दिसतं की इथे दार बदलायची गरजच नाही, वरची बिजागरी सैल झालीय आणि पल्ला खाली झुकलाय. तरी तोंडातून वाक्य निघतं, "काका, हे दार आता गेलं, नवीनच टाका." तुम्ही वाईट माणूस आहात म्हणून नव्हे, तर तुम्हाला पेट्रोलचे पैसे काढायचे आहेत म्हणून. फुकट मापाचे पैसे गिऱ्हाईक देतंच, फक्त ते त्याला दिसत नाहीत. तीनशे रुपये आधी घेतले असतील तर तुम्ही मोकळे असता. "दार बदलू नका" असं म्हणणं तुम्हाला परवडतं.

एक उदाहरण सांगते. इंदिरानगरमधून एक गृहस्थ आले. आईला वॉकर लागला होता आणि बाथरूमच्या दारातून तो जाताना दर वेळी अडकायचा. त्यांना चौकट फोडून मोठं दार बसवायचं होतं. चौकट फोडायची म्हणजे टाइल्स फुटणार, गवंडी आला, प्लंबर आला, आठ-दहा दिवस बाथरूम बंद. जाऊन बघितलं. दार बाहेर उघडणारं होतं, ते चांगलंच. म्हाताऱ्या माणसाच्या बाथरूमचं दार बाहेरच उघडायला हवं. आत उघडणारं असेल आणि माणूस आत दाराला लागून पडला, तर बाहेरून दार ढकलताच येत नाही. अडचण एवढीच होती की पल्ला साध्या बिजागरीवर काटकोनात येऊन थांबत होता, आणि तिथे थांबला की स्वतःच्या जाडीइतकी, म्हणजे ३० मिलिमीटर, जागा अडवत होता. वॉकरला तेवढीच कमी पडत होती. पार्लमेंट बिजागऱ्या लावल्या. तिचा सांधा चौकटीच्या पुढे येतो, त्यामुळे पल्ला पूर्ण वळून भिंतीला टेकतो. वॉकर गेला. आजींनी स्वतः दोनदा आत-बाहेर करून बघितलं, कारण मुलावर त्यांचा विश्वास नव्हता.

त्या कामात मला मापाचे पैसे, बिजागऱ्यांवरचा किरकोळ नफा आणि फिटिंगची मजुरी मिळाली. दार विकलं गेलं नाही. आणि "त्या घरातून पुढे दहा ऑर्डरी आल्या" असं मी सांगणार नाही, कारण आल्या नाहीत. चांगुलपणाचं व्याज लगेच मिळतं असं शिकवणारे ट्रेनर खूप आहेत, त्यांचे व्हिडिओ वेगळे बघा. मी एवढंच म्हणते की त्या दिवशी मला तोटा झाला नाही आणि त्या बाईंचं बाथरूम आठवडाभर बंद पडलं नाही.

आता तीनशे रुपये घेतले म्हणजे टेप लावून दोन आकडे लिहिले आणि निघालो, असं चालणार नाही. पैसे घ्यायचे तर कामही तसं हवं.

पहिली गोष्ट, कुठून कुठे मोजायचं. चौकटीला आतून खाच असते, तिच्यात दार बसतं. माप खाचेपासून खाचेपर्यंत घ्यायचं. नवीन मुलं आणि बरीच गिऱ्हाइकं मोकळी जागा मोजतात, म्हणजे माणूस ज्यातून जातो ती. खाच प्रत्येक बाजूला साधारण अर्धा इंच असते, म्हणजे रुंदीत सरळ एक इंचाचा फरक. असं बनवलेलं दार चौकटीत थांबतच नाही, आरपार पलीकडे जातं. हसू नका. मी अशी दारं पाहिलीत, नवी कोरी, गच्चीवर पाण्याच्या टाकीला आडोसा म्हणून उभी केलेली.

रुंदी तीन ठिकाणी घ्या: वर, मध्ये, खाली. उंची दोन्ही बाजूंना. मग दोन्ही कर्ण, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट. ते सारखे आले तर चौकट गुण्यात आहे. नाही आले तर चौकट तिरकी आहे, हे गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे दाखवा. नंतर सांगितलं की तो बहाणा वाटतो. चौकट ओळंब्यात आहे का तेही बघा. नसेल तर दार स्वतःहून उघडत राहतं किंवा मिटत राहतं, आणि दोष दाराला लागतो.

तिन्ही रुंद्या वेगवेगळ्या आल्या तर ऑर्डर कोणत्या मापाची द्यायची? दार कारखान्यातून लॅमिनेट आणि कडा पूर्ण होऊन येणार असेल तर सगळ्यात लहान मापाची, कारण साइटवर त्याला फारसा रंधा मारता येत नाही. जिथे रुंदी जास्त आहे तिथे फट थोडी मोठी राहील, पण दार बंद असताना ती खाचेआड झाकली जाते. दार कच्चं घेऊन साइटवरच घासून बसवायचं असेल आणि कडेला भरीव लाकडी पट्टी असेल, तर मोठं माप घ्या आणि सुताराला तासू द्या.

फट किती सोडायची? दोन्ही बाजूंना आणि वर ३-३ मिलिमीटर, म्हणजे एकेक सूत. खाली दोन सूत, आणि बाहेर पायपुसणं टाकत असतील आणि दार त्यावरून फिरणार असेल तर विचारून जास्त. आणि जमीन! "पुढच्या महिन्यात टाइल्स बदलायच्यात" हे वाक्य गिऱ्हाईक तुम्ही निघताना, चहाचा कप परत देताना बोलतं. आहे त्या टाइलवर नवी टाइल चिकटवली तर जमीन साधारण अर्धा इंच वर येते. म्हणजे नवं दार उघडणारच नाही. म्हणून हा प्रश्न पहिला विचारा, माप घेण्याच्या आधी.

आता सूत आणि मिलिमीटरचं भांडण. माझ्या मते या धंद्यातली निम्मी डोकेदुखी इथे आहे. आपला सुतार इंच-सुतात बोलतो, आणि बरोबरच बोलतो, त्याचा हात त्यावर बसलेला आहे. एका इंचाचे आठ सूत. कारखान्यातलं मशीन मिलिमीटरवर चालतं. मधे कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर "३१.७" असं टाइप करतं. सुताराच्या डोक्यात ते ३१ इंच ७ सूत असतं. कारखान्यातला ऑपरेटर ते दशांश चिन्ह म्हणून वाचतो, ३१ पूर्णांक ७ दशांश इंच. सात सूत म्हणजे २२ मिलिमीटरच्या थोडं वर, आणि ०.७ इंच म्हणजे १८ च्या थोडं आत. साडेचार मिलिमीटरची फट फुकटची वाढली, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर! म्हणून नियम करा: सुताराशी सुतात बोला, कागदावर फक्त मिलिमीटर लिहा. ३१ इंच ३ सूत म्हणजे ७९७ मिलिमीटर. त्यातून दोन्ही बाजूंचे ३-३ गेले, ऑर्डर ७९१. कागदावर दोन्ही आकडे वेगळे लिहा, "चौकटीचं माप" आणि "दाराचं माप". एकच आकडा लिहिला की कारखान्यातलं कुणीतरी हुशार पुन्हा एकदा फट वजा करतं.

टेपबद्दल एक जाता जाता. टेपच्या टोकाची पत्री किंचित हलते, ती ढिली झालीय म्हणून काही जण हातोडीने ठोकून घट्ट करतात. करू नका. ती मुद्दाम तशी असते. आतून दाबून मोजताना आणि बाहेरून ओढून मोजताना तिच्या स्वतःच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून.

बाकी कागदावर काय हवं? दार कोणत्या हाताला उघडतं, आत की बाहेर. उघडल्यावर स्विचबोर्ड झाकतं का. कुलूप कोणतं आणि जमिनीपासून किती उंचीवर, कारण भरीव नसलेल्या दारात कुलपासाठी आतून लाकडी ठोकळा एकाच बाजूला दिलेला असतो आणि बाजू चुकली तर स्क्रू धरत नाहीत. जुन्याच चौकटीवर बसवायचं तर जुन्या बिजागऱ्यांच्या जागा मोजून घ्या. आणि लॅमिनेट एकाच बाजूला लावून मागची बाजू कोरी ठेवा म्हणणारं गिऱ्हाईक आलं तर नम्रपणे नाही म्हणा. दोन्ही बाजूंना ताण सारखा नसला की पल्ला पिळतो, मग त्याला सरळ करायचं औषध नाही.

हा कागद भरला की खाली गिऱ्हाइकाची सही घ्या आणि तुमचीही करा. तुमची सही महत्त्वाची. "माप आम्ही घेतलं, चुकलं तर दार आम्ही बदलून देऊ" एवढं लिहा. आपल्याकडे उलट चालतं. बिलाखाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही", आणि दुकानदाराला वाटतं आपण सुटलो. सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांची धरतात. ते वाक्य छापायला लागणारी शाई वाचवा. गिऱ्हाइकाने स्वतः माप आणून दिलं असेल तर तसंही स्पष्ट लिहा, "माप ग्राहकाचे". मी अशी ऑर्डर घेते, पण रक्कम पूर्ण आगाऊ, आणि समोर बसवून विचारते की खाचेत मोजलं की मोकळ्या जागेत. दहातले बरेच जण इथे थांबतात आणि म्हणतात, "ताई, तुम्हीच येऊन बघा."

आता अवघड भाग. मिस्त्री.

बहुतेक घरात सुतार आधीपासून ठरलेला असतो आणि गिऱ्हाइकाला दुकानात तोच घेऊन येतो. त्याला कमिशन हवं असतं, आणि तुम्ही त्याच्या देखत "माप आम्ही घेऊ, पैसे पडतील" म्हणालात तर त्याला दोन वेळा लागतं. एक, त्याच्या हुनरावर शंका. दोन, त्याच्या हिश्श्यावर घाला. पुढच्या वेळी तो गिऱ्हाईक दुसरीकडे नेतो. फोन करणाऱ्यांपैकी ज्यांनी ही भीती बोलून दाखवली त्यांचं मला पटतं. हा प्रश्न खरा आहे आणि बीबीएच्या पुस्तकात तो नव्हता.

मी काय करते ते सांगते. मिस्त्रींना बरोबर घेऊन जाते. माप दोघं घेतो, टेपचं एक टोक त्यांच्या हातात. "मिस्त्री, खाली किती येतंय बघा बरं?" आकडा ते सांगतात, मी लिहिते, कागदावर त्यांचीही सही. मापाच्या तीनशेमधले शंभर त्यांचे, गिऱ्हाइकासमोर, लपूनछपून नाही. फिटिंगही त्यांच्याकडेच. मी बिलात फिटिंगची ओळ वेगळी दाखवते, म्हणजे गिऱ्हाइकाला कळतं कोणत्या कामाचे किती. दाराच्या किमतीत लपवलेलं कमिशन मी देत नाही. काही मिस्त्री त्यामुळे आले नाहीत, आजही येत नाहीत. जे आले ते टिकले, कारण दार चुकलं की गिऱ्हाईक आधी सुतारावर ओरडतं, दुकानदारावर नंतर. अचूक माप ही त्यांचीही गरज आहे, फक्त ती त्यांना कुणी विचारलेली नसते.

आणि प्रत्येक वेळी बनवूनच घ्या असंही नाही. चौकट तयार मापापेक्षा दोन सूत कमी असेल तर तयार दार घ्या, मिस्त्री तासून देतील, गिऱ्हाइकाचे पैसे आणि आठवडा वाचेल. दीड इंच कापायचं असेल तर मात्र नको. कडेची पट्टी निघून जाते, आतला गाभा उघडा पडतो, बिजागरीचे स्क्रू सहा महिन्यांत गळतात. किती कापता येतं ते कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. ते एकदा वाचा, दुकानात बसून नुसता मोबाइल बघण्यापेक्षा बरं.

पावसाळ्यापूर्वी हे काम सुरू करणार असाल तर एक सूचना. एप्रिल-मेमध्ये बसवलेलं लाकडी दार जुलैमध्ये फुगतं आणि घासायला लागतं. बसवताना वरच्या आणि खालच्या कडेलाही रंग किंवा पॉलिश लावून घ्या. तिथे कुणाची नजर जात नाही म्हणून त्या कोऱ्या राहतात, आणि ओलावा तिथूनच शिरतो. बाथरूमला लाकडी दार मागणाऱ्याला डब्ल्यूपीसी किंवा एफआरपीचं दाखवा.

पुढच्या व्हिडिओत आमच्या दुकानातला मापाचा कागद ओळ न् ओळ भरून दाखवणार आहे. त्याआधी स्वतःच्या घरातलं एक दार मोजून ठेवा: तीन रुंद्या, दोन उंच्या, दोन कर्ण, सगळं मिलिमीटरमध्ये. शनिवारच्या बॅचला येणाऱ्यांनी टेप स्वतःचा आणायचा. माझा मिळणार नाही.